तोंड न बघता नेमणूक

माणूस ओळखावा तर आम्हीच! समोरचा दारातून आत येताना चपला कशा काढतो एवढं बघितलं, की तो कामाचा आहे की कामचुकार, हे मी तुम्हाला खडान्खडा सांगतो. उगाच नाही, एका मोठ्या कारखान्यात मी जन्मभर नोकरभरतीच्या खुर्चीवर बसलो होतो. आता, मी नेमलेला एक जण पुढे तिजोरी घेऊन पळाला, ही गोष्ट खरी आहे. पण तो कष्टाळू होता, हे तुम्हालाही मान्य करावं लागेल. तिजोरी काय हलकी असते होय?

तर निवृत्त झालो आणि माझ्या पायाला भिंगरी लागली. घरात बसवेना. फुलझाडांना एकदा पाणी घालायचं तर तीनदा घालायचो, झाडं कुजली. बायकोच्या कपाटाचं दार कुरकुरतं म्हणून दुरुस्त केलं, ते नंतर उघडेचना. शेवटी बायको म्हणाली, ‘‘अहो, त्यापेक्षा माझ्या दवाखान्यात या. निदान तिथली कपाटं लोखंडी आहेत.’’

माझी बायको प्लास्टिक सर्जन आहे. भाजलेल्या कातड्या, फाटलेले ओठ, वाकडी नाकं, सुटलेली पोटं, सगळं ती जिथल्या तिथे आणते. माझ्या पोटाकडे मात्र तिने अजून व्यावसायिक नजरेने पाहिलेलं नाही. म्हणते, ‘‘सरकारी जमीन आहे ती, तिला हात लावायचा नाही.’’

तिच्या दवाखान्याचा एक कडक नियम आहे. तिथे कोणालाही ‘नाव काय’ आणि ‘का आलात’ विचारायचं नाही! आलेल्या माणसाने काउंटरवरच्या वाडग्यातलं टोकन उचलायचं, गुपचूप बसायचं, आकडा पुकारला की आत जायचं. कारण इथे येणाऱ्या निम्म्या लोकांनी घरी ‘बँकेत जाऊन येतो’ असं सांगितलेलं असतं. कोणी टोपी नाकापर्यंत ओढून येतं, कोणी डोक्यापासून हनुवटीपर्यंत ओढणी गुंडाळून, वर काळा चष्मा लावून येतं. कोणी कोणाकडे बघत नाही. सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. ते घड्याळ बंद आहे.

हा नियम आमच्या आधीच्या रिसेप्शनिस्टने मोडला. बाई तशी गोड, पण तोंडात तीळ भिजत नव्हता. एकदा भर बाजारात तिला एक पेशंट दिसली. हिने रस्त्याच्या पलीकडून हाक मारली, ‘‘काय हो, पोटाचे टाके सुकले का?’’ पेशंटच्या शेजारी तिची सासू उभी होती! त्या सुनेने सासूला ‘व्यायामाने पोट उतरलं’ असं सांगून सासूलाही रोज पहाटे पळायला लावलं होतं. पुढे काय झालं ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी रिसेप्शनिस्ट घरी बसली. पाठोपाठ ‘तिच्याशिवाय मला करमत नाही’ म्हणून साफसफाईची मावशीही गेली.

तेव्हापासून बायकोचे हाल सुरू झाले. दोन ऑपरेशनांच्या मधे उभ्याने बिस्किट खायचं, खांद्यात मान वाकडी करून फोन धरायचा, आणि पलीकडचा विचारणार, ‘‘मॅडम, सुट्टीच्या दिवशी उघडं असतं का?’’ एक दिवस मी पाहिलं, ती हात धुता धुता बेसिनला टेकून डोळे मिटून उभी होती. नळ तसाच चालू. मला खरंच फार वाईट वाटलं. जिच्या हातात दुसऱ्याचा चेहरा असतो, तिने असं उभ्याने पेंगावं?

त्याच संध्याकाळी तिने जाहीर केलं, ‘‘उद्या संध्याकाळपर्यंत माणसं मिळाली तर ठीक. नाहीतर परवापासून ताई काउंटरवर बसेल. मी बोलले तिच्याशी. आपल्याकडेच राहील, मागची खोली रिकामीच आहे.’’

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

बायकोच्या मोठ्या बहिणीला आपल्यात आकडसासू म्हणतात. हा शब्द ज्याने काढला, त्याने नक्कीच माझ्यासारखं सोसलेलं असणार! आमच्या ताई मागे चार दिवस राहायला आल्या होत्या. पहिल्या दिवशी डबे हलले, दुसऱ्या दिवशी माझा रेडिओ माळ्यावर गेला, तिसऱ्या दिवशी माझ्या ताटातली साखर आणि तेल बंद झालं. चौथ्या दिवशी मी अंघोळ करत असताना दारावर थाप, ‘‘जावईबापू, बादली एकच हं!’’ चारच दिवस, पण मी तुरुंगातून सुटल्यासारखा दारात उभं राहून मोकळा श्वास घेतला होता. आणि आता मुक्कामाला?

मी छाती पुढे काढली. ‘‘अगं, ताईंना कशाला त्रास? उद्या दुपारी मी माणसं उभी करतो! नाही केली तर नावाचा नाही!’’

‘‘बघा हं,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्या ओळखण्यावर माझा विश्वास आहे. तिजोरीपुरता सोडून.’’

जाहिरात मीच दिली. ‘दवाखान्यासाठी कमी बोलणारी माणसं पाहिजेत. दुपारी समक्ष भेटा.’ एक काउंटरसाठी, एक साफसफाईसाठी, बस्स! बायको म्हणाली, ‘‘दुपारी माझे दोन-चार पेशंटही आहेत. घोटाळा होईल.’’

मी हसलो. ‘‘पेशंट कोण आणि उमेदवार कोण, हे मला विचारावं लागेल? आणि तुझ्या नियमाप्रमाणे विचारायचंच नाही ना! मी बघून सांगतो.’’

इथेच, मंडळी, इथेच माझी जीभ कोणीतरी दारात अडकवायला हवी होती.

दुपारी बाहेरच्या खोलीत चार जण बसले होते. मी काउंटरमागून एकेकाची पारख केली. कोपऱ्यात एक सडपातळ मुलगी, मांडीवर फाईल, आणि हात सारखा नाकाला. सारखा! रुमाल काढायची, नाक झाकायची, पुन्हा काढायची. मी मनात म्हटलं, बिचारी! नाकाने हिचं आयुष्य नासवलंय. पेशंट! तिच्या शेजारी इस्त्रीच्या कपड्यातले, डोक्यावर एकही केस नसलेले एक काका. ताठ बसलेले, बूट चकचकीत. शिस्तीचा माणूस! उमेदवार! मग एक धिप्पाड बाई, दोन्ही हात कमरेवर, भिंतीवरच्या जाळ्यांकडे रागाने बघत होत्या. त्या कोण हे ठरत नव्हतं, म्हणून त्यांना शेवटी ठेवलं. आणि दाराजवळ एक बाई. ओढणी, काळा चष्मा, हातमोजेसुद्धा! मला बघताच त्या दारापर्यंत उठून गेल्या, थबकल्या, आणि पुन्हा येऊन खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या. मुलाखतीची भीती, दुसरं काय!

आतून बायकोची घंटा वाजली. मी फोनवर सांगितलं, ‘‘नाकाचा पेशंट पाठवतोय. फार मनाला लावून घेतलंय गं पोरीने, जपून बोल.’’ आणि मुलीला आत सोडलं.

मुलगी आली होती नोकरीला. तिला सर्दी झाली होती. आत काय घडलं ते मला नंतर कळलं.

बायकोने मायेने विचारलं, ‘‘बदल हवाय ना तुला?’’

मुलगी म्हणाली, ‘‘तुम्ही म्हणाल तो बदल करायची माझी तयारी आहे, मॅडम.’’

‘‘घरी माहीत आहे?’’

‘‘हो. आई म्हणाली, मिळतंय तर सोडू नकोस.’’

‘‘पहिले काही दिवस त्रास होईल हं.’’

‘‘नवीन ठिकाणी होतोच, मॅडम. मी सोसेन.’’

अशी समजूतदार पेशंट बायकोला वर्षानुवर्षांत भेटली नव्हती! तिने जांभळं पेन काढलं आणि पोरीच्या नाकावर, गालांवर, कपाळापर्यंत रेषा आखल्या. मग हातात आरसा दिला आणि म्हणाली, ‘‘एवढंच कापायचं. बाहेर बसून नीट बघ. घाईने हो म्हणू नकोस.’’

इकडे मी काकांची मुलाखत घेत होतो.

‘‘अनुभव किती वर्षांचा?’’

काका खाली बघत म्हणाले, ‘‘लग्न झालं आणि सुरू झालं बघा.’’

‘‘म्हणजे दांडगा अनुभव! बरं, तात्पुरतं हवं की कायमचं?’’

‘‘कायमचं हो!’’ काका खुर्चीत पुढे सरकले. ‘‘तात्पुरतं करून झालं. वारा आला की उडून जातं. चारचौघांत शोभा होते.’’

मला त्यांचं बोलणं फार आवडलं. ‘‘खरंय. हल्ली कंत्राटी कामाचं तसंच असतं. पैशाची अपेक्षा?’’

‘‘तुम्ही सांगाल तेवढे देतो!’’

मी थक्क झालो! नोकरीसाठी स्वतः पैसे द्यायला तयार? असा माणूस हातचा घालवायचा नाही. ‘‘छे छे, तुमच्याकडून कसले पैसे! रोज सकाळी लवकर यायचं. आधी फरशी पुसायची. वाकून, नीट.’’

काका विचारात पडले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. ‘‘वाकून म्हणजे... रक्त डोक्याकडे उतरतं, म्हणून?’’

‘‘डोक्याकडे, हाताकडे, सगळीकडे! अंग कसं मोकळं होतं.’’

‘‘आत्ताच सुरू केलं तर लवकर फरक पडेल?’’

एवढी कामाची हौस! मी बादली आणि पोछा त्यांच्या हातात दिला. काकांनी कोट काढून खुंटीला लावला, बाह्या सरसावल्या, आणि डोकं गुडघ्याच्या खाली घालून फरशी पुसायला लागले. एक माणूस झाला! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग ओढणीवाल्या बाईंना काउंटरपाशी बोलावलं.

‘‘शिक्षण?’’

गप्प.

‘‘अनुभव?’’

मान नुसती ‘नाही’ अशी हलली. नजर आतल्या दारावर.

‘‘समजा,’’ मी डाव टाकला, ‘‘एखाद्या पेशंटने विचारलं, की मघाशी इथे कोण बसलं होतं? तर काय सांगाल?’’

बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

वा! माझ्या अंगावर काटा आला! मी शब्द काढायला बघतोय आणि बाई ओठ उघडत नाहीत! अहो, याला म्हणतात पोटात गोष्ट ठेवणं. इतका वेळ जिवाची जी उलघाल चालली होती ती शांत झाली, आणि माणूस सुटला की जे करतो ते मी केलं. बोलत सुटलो.

‘‘बाई, तुम्ही आज एका माणसाचा जीव वाचवलात! तुम्ही आला नसतात, तर उद्यापासून या खुर्चीवर माझी आकडसासू बसली असती. तुम्हाला म्हणून सांगतो, इथलं इथेच राहू द्या. बाई कसली, फौजदार आहे! आवाज असा, की दुधावरची साय फाटावी. माझी साखर बंद केली त्यांनी. माझा रेडिओ अजून माळ्यावर आहे, काढायची माझी छाती होत नाही. त्या घरात असल्या की मी स्वतःच्या घरात पाहुणा असतो, पाहुणा!’’

बाईंच्या हातातल्या पर्सचा पट्टा पिळवटत चालला होता. मला वाटलं, बिचारी हळवी आहे.

‘‘तुमच्याही घरात कोणीतरी असं असणार,’’ मी म्हणालो. ‘‘नको असलेलं, पण सांभाळून घ्यावं लागणारं?’’

बाईंनी चष्म्याआडून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग सावकाश मान हलवली. आहे.

‘‘बघा! माणसाचं दुःख माणसालाच कळतं. ठरलं. तुमच्यासारखं माणूस शोधून सापडायचं नाही. उद्यापासून या काउंटरच्या मालक तुम्ही!’’ आणि काउंटरची किल्ली मी त्यांच्या हातमोज्यात ठेवली. त्यांनी ती पर्समध्ये टाकली आणि पर्स मिटली. खट्! तो ‘खट्’ आधी कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. पण मी आनंदात होतो हो, माझं कुठलं लक्ष!

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि नाकावर जांभळा नकाशा घेऊन मुलगी बाहेर आली. हातात आरसा, डोळे पाण्याने भरलेले. धिप्पाड बाईंना म्हणाली, ‘‘मुलाखत झाली. मॅडम चांगल्या आहेत. फक्त आधी नाक कापावं लागेल म्हणतात.’’

‘‘काय?’’ बाई उसळल्या. त्या खऱ्या उमेदवार निघाल्या! ‘‘जाळी काढायच्या नोकरीसाठी नाक कापून घ्यायचं? माझ्या सात पिढ्यांत कोणाचं नाक कापलं गेलं नाही! आणि खर्च काय पगारातून वळता करणार?’’

‘‘अहो, तसं नाही...’’ मी पुढे झालो.

‘‘मग कसं? आणि या काकांचं काय केलंत?’’ त्यांनी खाली बोट दाखवलं. ‘‘यांचे तर केससुद्धा ठेवले नाहीत!’’

काकांनी वाकल्या वाकल्या वर पाहिलं. चेहरा रक्त उतरून टोमॅटोसारखा झालेला. ‘‘ताई, मध्ये बोलू नका. माझा उपचार चालू आहे.’’

‘‘उपचार?’’ मी म्हटलं. ‘‘तुम्ही पेशंट आहात?’’

‘‘मग मी काय हौसेने फरशी पुसतोय?’’

मुलगी हुंदके देऊन रडायला लागली. धिप्पाड बाईंनी बाकाला लाथ घातली. बादली लवंडली. मी काकांना उठवायला धावलो आणि ओल्या फरशीवरून घसरत थेट त्यांच्यावर गेलो. फोन खणखणायला लागला. दारात एक नवा पेशंट येऊन उभा राहिला, त्याने आतलं दृश्य पाहिलं आणि तो मागच्या मागे वळला. सगळं संपलं! डोळ्यांसमोर मागची खोली दिसायला लागली, आणि बेसिनला टेकून पेंगणारी बायको.

आणि मग तो आवाज झाला.

‘‘खाली बसा सगळे! एक शब्द नको!’’

माझे गुडघे कानांच्या आधी ओळखतात तो आवाज. मी होतो तिथेच बसलो, ओल्यात. काका पोछ्यासकट बसले. धिप्पाड बाई बसल्या. फोनसुद्धा थांबला, देवाशपथ!

ओढणीवाल्या बाईंनी चष्मा काढला. ओढणी सोडली. ताई!

पुढची काही मिनिटं मी फक्त पाहत होतो. ताईंनी मुलीला जवळ घेऊन ओढणीने रेषा पुसल्या, ‘‘नाक छान आहे गं तुझं, सर्दीचं औषध घे.’’ काकांना हाताला धरून उठवलं, कोट दिला, टोकन दिलं. धिप्पाड बाईंना बादली दाखवली, ‘‘नोकरी हवी ना? मग हे आवरा. नाक शाबूत राहील.’’ मधे वाजलेला फोन उचलून, ‘‘सुट्टीच्या दिवशी बंद,’’ म्हणून ठेवून दिला. खोली अशी शांत झाली, की बंद घड्याळ चालू झाल्यासारखं वाटलं.

गडबड ऐकून बायको बाहेर आली. ‘‘ताई, तू कधी आलीस? मुलाखतींच्या गडबडीत तुला ‘आज दुपारी नको’ कळवायचंच राहिलं गं!’’

तेव्हा उलगडा झाला. मी रोज दुपारी घरी झोपायला जातो, म्हणून बायकोने ताईंना आधीच दुपारची वेळ सांगून ठेवली होती. मला बघून त्या दारातूनच परत फिरणार होत्या, पण बहिणीला भेटल्याशिवाय जाववेना, आणि तोंड उघडलं तर मी ओळखणार! ताई पहिल्यांदाच जरा लाजल्यासारख्या दिसल्या. हनुवटीखाली हात नेत म्हणाल्या, ‘‘इथे रोज बसायचं म्हणजे... अशा दवाखान्यात तोंड नीट नको? म्हटलं, गुपचूप विचारून घ्यावं.’’

‘‘काही करायचं नाही तुझ्या तोंडाला,’’ बायको म्हणाली. ‘‘पण तू बसशील ना गं? यांनी माणसं शोधलीत म्हणे.’’

ताईंनी पर्स उघडली. खट्! आणि किल्ली वर धरली.

‘‘शोधलंय ना. जावईबापूंनी मला स्वतः नेमलं. ‘तुमच्यासारखं माणूस शोधून सापडायचं नाही’ म्हणाले. विचार.’’

बायकोने माझ्याकडे पाहिलं. कित्येक दिवसांत तिचा चेहरा इतका हलका झालेला मी बघितला नव्हता. ‘‘खरं?’’ ती म्हणाली. ‘‘मला वाटत होतं तुम्हाला ताई नको असेल. आणि तुम्ही स्वतः...’’ तिचे डोळे भरून आले. चारचौघांत तिने माझा ओला हात धरला.

आता सांगा, मी काय बोलणार? म्हणालो, ‘‘अगं, मी माणूस बघितला की ओळखतो.’’

ताईंनी माझं बाकीचं भाषण बहिणीला सांगितलं का? नाही. एक अक्षर नाही! इथलं इथेच राहतं, नियम म्हणजे नियम. फक्त त्या दिवशी जेवताना मी साखरेचा डबा पुढे ओढला, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, ‘‘दुधावरची साय देऊ का? फाटायच्या आत?’’ मी डबा परत सरकवला.

दवाखाना मात्र उत्तम चाललाय. सर्दीवाली मुलगी फोन घेते, धिप्पाड बाईंनी सगळी जाळी काढली. काका अजून रोज सकाळी स्वतःहून फरशी पुसायला येतात. दोन केस आलेत म्हणतात, मला तरी दिसले नाहीत. आणि बायको आता दुपारी बसून जेवते, ताई समोर उभ्या राहून वाढतात. ते बघितलं की माझी काही तक्रार राहत नाही.

म्हणजे, फारशी राहत नाही. परवा जरा बायकोशी निवांत बोलावं म्हणून दवाखान्यात गेलो आणि सरळ आत निघालो. काउंटरमागून आवाज आला, ‘‘जावईबापू, टोकन?’’

घेतलं. बसलो. आणि सगळ्यांबरोबर घड्याळाकडे बघत राहिलो.